नागपूर ते कन्याकुमारी सौर सायकल: पॅनलच्या आधी किलोमीटरमागचा खर्च मोजा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. तुमच्याकडे २६ इंची सायकल आहे, मागच्या चाकात २५० वॅटची गिअर असलेली हब मोटार आहे, ३६ व्होल्ट १० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे. २० डिसेंबरला नागपूरहून निघून कन्याकुमारीला जायचं आहे. तुम्ही विचारलंय की किती वॅटचं पॅनल घ्यावं म्हणजे वाटेत कुठेच प्लग लावावा लागणार नाही, आणि ते डोक्यावर छतासारखं लावावं की मागे ट्रेलरवर.

सायकलला मोटार बसवून देण्याचं आणि बॅटरी दुरुस्त करण्याचं काम मी नागपुरात बरीच वर्षं करतोय. सौर सायकलवर स्वतः दोन लांबचे प्रवास केलेत, त्यातला एक तुम्ही निवडलेल्याच रस्त्याने हैदराबादपर्यंत. त्यावरून सांगतो. पॅनलचा आकडा शेवटी ठरतो. आधी तुमची सायकल एका किलोमीटरला किती वीज खाते ते कळलं पाहिजे, आणि तो आकडा दुकानदार सांगू शकत नाही. तुमचं वजन, टायरमधली हवा, वारा, आणि सगळ्यात जास्त तुमचा वेग यावर तो ठरतो.

अंदाजासाठी हिशेब मांडू. तुम्ही ६० किलो, मोटार-बॅटरीसह सायकल २४, ट्रेलर आणि पॅनल १४, सामान १५, म्हणजे साधारण ११३ किलो. एवढं ओझं सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने न्यायला चाकाशी जवळपास १२० वॅट लागतात. पंचवीसने न्यायला २०० च्या आसपास. वेग पाचनेच वाढला, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. आता यात तुमचे पाय किती देतात? दिवसभर न थकता ६० वॅट देता आले तर उत्तम. म्हणजे वीसच्या वेगाला मोटारीच्या वाट्याला ६० आले आणि पंचवीसच्या वेगाला १४०. पाय तेवढंच देतात, वाढीव सगळा भार मोटारीवर पडतो. मोटार आणि तिच्या कंट्रोलरमधली घट धरली तर किलोमीटरमागे वीसच्या वेगाला ४ वॅट-तास (एक वॅट तासभर चालला की एक वॅट-तास) आणि पंचवीसच्या वेगाला ७. हे कागदावर. रस्त्यावर चढ असतात, समोरून वारा येतो, गावात थांबून पुन्हा निघावं लागतं. म्हणून मी वीसच्या वेगालाही ६ ते ७ धरतो, आणि आजवर तो आकडा मला रस्त्यात दगा देऊन गेला नाही. चढाचा वेगळा हिशेब असा: १०० मीटर उंची चढायला तुमच्या ओझ्याला बॅटरीतून सुमारे ४० वॅट-तास जातील, म्हणजे सपाटीवरचे सहा किलोमीटर.

आता मिळकत. १०० वॅटचं पॅनल आडवं ठेवलं तर हिवाळ्यातल्या निरभ्र दिवशी आपल्याकडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत जेमतेम ३०० वॅट-तास देतं. पॅनलवर छापलेले १०० वॅट हे प्रयोगशाळेतले असतात: सेल २५ अंशांवर आणि प्रकाश सरळ अंगावर. उन्हात सेल ५५-६० अंशांपर्यंत तापतात आणि २५ च्या वरच्या दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के वीज घटते. शिवाय जानेवारीच्या मध्यावर नागपुरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो, त्यामुळे आडव्या पॅनलला त्याचा पाऊण हिस्साच लाभतो.

तुम्ही दिवसाला ७० किलोमीटर म्हणालात. ७ ने गुणलं की ४९० वॅट-तास. एका १०० वॅटच्या पॅनलने हे भागत नाही, रोज १९० ची तूट येते. बॅटरीत ३६० वॅट-तास (३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास) आहेत, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही रिकाम्या. २०० वॅट घेतले तर कागदावर भागतं. पण १०० वॅटचं एक पॅनल सव्वा मीटरच्या आत-बाहेर लांब आणि अर्धा मीटरहून थोडं रुंद असतं. दोन शेजारी लावले तर रुंदी मीटरच्या वर जाते आणि हायवेच्या कडेला ट्रकच्या वाटेत येते. एकामागे एक लावले तर ट्रेलर अडीच मीटरचा होतो, आणि वळताना तो सायकललाच ओढतो. म्हणून माझा सल्ला असा आहे: एक १०० वॅटचं पॅनल ट्रेलरवर कायमचं, आणि दुसरं ६० ते १०० वॅटचं घडीचं, कापडी पाठीचं, सामानावर बांधलेलं. ते फक्त दुपारच्या मुक्कामात उघडायचं.

दुपारी १२ ते २ थांबणं हे या प्रवासाचं मर्म आहे. तेव्हा दोन्ही पॅनलं उभी करून सूर्याकडे तोंड करून ठेवायची. आडव्या पॅनलच्या तुलनेत तिरक्या पॅनलला त्या दोन तासांत तिसऱ्या हिश्शाहून जास्त वीज मिळते. १०० वॅटचं पॅनल सरळ सूर्याकडे वळवलं की दोन तासांत १५० वॅट-तास सहज येतात. तुम्ही जेवा, झाडाखाली पडा, पॅनल उन्हात राहू द्या. ट्रेलरवरच्या पॅनलला एका कडेने बिजागऱ्या लावून घ्या आणि टेकू म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी ठेवा. चालताना मात्र पॅनल आडवंच असू द्या. मी दहा अंश तिरकं ठेवून चालवून पाहिलंय. उन्हाची जेवढी वीज वाढली, जवळपास तेवढीच वाऱ्याला कापण्यात गेली.

आता छत की ट्रेलर. इथे मी चूक करून शिकलो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या हैदराबादच्या प्रवासात पॅनल ट्रेलरवर, मागच्या चाकाला लागूनच होतं. जाम गावाच्या चौरस्त्यावर सकाळी दहाला मीटर जेवढे वॅट दाखवत होता, हिंगणघाट सोडल्यावर साडेबाराला त्याच्या निम्मेसुद्धा दाखवेना. जोड तपासले, चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा डबा) बदलला, काही कळेना. पांढरकवड्याच्या अलीकडे चहाला थांबलो, मित्राला सायकलवर बसवून मागे उभा राहिलो तेव्हा दिसलं: त्याच्या पाठीची आणि डोक्याची सावली बरोबर पॅनलवर पडत होती. नागपूर ते हैदराबाद रस्ता जवळपास सरळ दक्षिणेला जातो. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला, म्हणजे तुमच्या समोर, आणि तुमची सावली तुमच्या मागे. पॅनलमधले सेल एका माळेत जोडलेले असतात. माळेतल्या एका सेलवर सावली आली तरी त्या माळेचा प्रवाह त्या सेलइतकाच उरतो. आत बायपास डायोड असतात, ते सावलीची माळ बाजूला काढतात. पण साध्या पॅनलमध्ये दोनच माळा असतात, म्हणजे हातभर सावलीने अर्धं पॅनल गेलं.

उपाय सोपा निघाला. डोक्याची उंची पॅनलच्या पातळीपेक्षा मीटरभर जास्त असते आणि ४८ अंशांच्या उन्हात तेवढ्या उंचीची सावली ९० सेंटिमीटरच्या आसपास पडते. पॅनल पाठीपासून मीटरभर मागे सुरू झालं की सावलीच्या बाहेर. मी पुढच्या गावात वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलरचा दांडा फूटभर लांब करून घेतला आणि दुपारचा आकडा परत आला. तुम्ही आधीच तसा करून घ्या.

छत लावणाऱ्यांना सावलीचा त्रास नाही आणि स्वतःला ऊनही लागत नाही, हे खरं. पण हिवाळ्यात आपल्या भागात वारा बहुतेक ईशान्येकडून असतो, तुम्हाला तो डाव्या खांद्याच्या मागून लागेल. डोक्यावर अर्धा चौरस मीटरचा पत्रा, आणि बाजूने ८० च्या वेगाने ट्रक गेला की आधी ढकलतो आणि मग ओढतो. भारी ट्रायसायकलवर छत चालतं, दोन चाकांवर एकट्या माणसाला मी ते सुचवणार नाही. आयआयटी मुंबईत शिकलेल्या सुशील रेड्डी यांनी २०१६ मध्ये सौर सायकलवर देशात ७,४०० किलोमीटरहून जास्त अंतर कापलं, तेव्हा अंतराची काळजी करू नका. काळजी करायची ती वाऱ्याची आणि जोडांची.

पॅनल काचेचं घेऊ नका, १०० वॅटचं काचेचं पॅनल सात-आठ किलोचं असतं. अर्धलवचिक पॅनल दोन-अडीच किलोचं मिळतं. मात्र 'लवचिक' या शब्दावर जाऊ नका. ते हादऱ्याने वाकत राहिलं की सेलना डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि वीज हळूहळू कमी होत जाते. खाली पोकळ पॉलीकार्बोनेटची शीट टाकून त्यावर बसवा. वजन किलोभर वाढतं, पण पॅनल ताठ राहतं आणि पोकळीतून हवा खेळल्याने कमी तापतं. चारही कोपरे बोल्टने आवळा, खाली रबरी वॉशर घाला, आणि मधून एक पट्टा घ्या, कारण ट्रकच्या झोताने पॅनल मधूनच उचललं जातं.

चार्ज कंट्रोलरच्या बाबतीत सगळ्यात जास्त फसगत होते. बाजारात दाखवतात तो स्वस्त, साध्या पीडब्ल्यूएम प्रकारचा कंट्रोलर १२ किंवा २४ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीसाठी असतो. तुमचं पॅनल १८ व्होल्टच्या आसपास काम करतं आणि बॅटरी पूर्ण भरायला ४२ व्होल्ट लागतात. त्यामुळे तुम्हाला व्होल्टेज वाढवणारा, म्हणजे बूस्ट प्रकारचा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर हवा. तुमच्या चार्जरवर आउटपुट ४२ व्होल्ट लिहिलंय का ते आधी बघा. काही ३६ व्होल्टच्या बॅटऱ्या वेगळ्या रसायनाच्या असतात आणि त्यांचा आकडा वेगळा असतो. कंट्रोलर ४१ वर लावा, बॅटरीचं आयुष्य वाढतं. पाच-सहा दिवसांनी एकदा ४२ पर्यंत भरू द्या, म्हणजे आतले सेल समान पातळीवर येतात. दोन्ही पॅनलं समांतर जोडा, एकावर सावली आली तरी दुसरं चालू राहतं. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनल, काढताना आधी पॅनल आणि मग बॅटरी. हा क्रम चुकवून कंट्रोलर जाळलेले लोक माझ्याकडे दरवर्षी येतात. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. आणि बॅटरीच्या वायरीत एक वॉटमीटर, म्हणजे किती वीज गेली ते मोजणारा मीटर, बसवा, या सगळ्या खर्चात सर्वात उपयोगी वस्तू तीच आहे.

डिसेंबर की जानेवारी, यावर माझं मत ठाम आहे: संक्रांत झाली की निघा. तामिळनाडूचा मुख्य पावसाळा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. आपल्याकडे आकाश निरभ्र असतं म्हणून खालीही तसंच असेल असं समजून लोक फसतात. दाट ढगात पॅनल पाचवा हिस्सासुद्धा देत नाही. अंतर साधारण १७०० किलोमीटर आहे. ७० च्या चालीने आणि अधूनमधून विश्रांती घेत तुम्ही फेब्रुवारीच्या मध्यावर कन्याकुमारीत असाल, आणि तिथे तेव्हा दुपारचा सूर्य जवळपास ६९ अंशांवर असतो. म्हणजे जसजशा दक्षिणेला जाल तसतशी आडव्या पॅनलची मिळकत वाढत जाईल. उन्हाळ्यात ऊन भरपूर म्हणून एप्रिल-मे सुचवणारेही भेटतील. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात नुसती हवाच तिथे पोचते.

पॅनलइतकंच मागच्या चाकाकडे लक्ष द्या. प्रवास थांबतो तो बहुधा चाकामुळे. हब मोटारीचं चाक स्पोक तोडतं, कारण मोटारीचा जोर आणि सामानाचं ओझं दोन्ही तिथेच. जाड स्पोक, निघण्याआधी २०० किलोमीटर चालवून पुन्हा ताण बघणं, आणि त्याच लांबीचे आठ स्पोक सोबत. मोटारीचे स्पोक आखूड असतात, वाटेतल्या दुकानात मिळणार नाहीत. टॉर्क आर्म, म्हणजे मोटारीचा ॲक्सल जागेवर फिरू नये म्हणून फ्रेमला बांधायची पट्टी, दोन्ही बाजूंनी लावा. माझ्या एका प्रवासात वडकीजवळ नट ढिला झाला, टॉर्क आर्म एकच होता, ॲक्सल फ्रेमच्या खाचेत फिरला आणि मोटारीची वायर पिळून तुटली. तिथून पुढे ३८ किलोची सायकल नुसत्या पायांवर ओढली. तेव्हापासून रोज सकाळी १८ च्या पान्याने नट तपासल्याशिवाय मी निघत नाही. तुमचा पाना कोणत्या मापाचा लागतो ते घरीच लावून बघा. मागच्या चाकाचं पंक्चर, चाक न सोडवता, काढायला शिका: टायरची एक बाजू सोडवून ट्यूब बाहेर ओढायची, ठिगळ लावायचं, परत आत. २६ इंची ट्यूब छोट्या गावातही मिळते, तेवढं तुमचं नशीब चांगलं.

घाटात मोटारीला जपा. आदिलाबाद सोडल्यावर निर्मलच्या अलीकडे महबूब घाट लागतो. चढावर सायकल आठ-नऊच्या वेगावर आली आणि मोटार पूर्ण जोरावर असली, तर वीज चालण्यापेक्षा तापण्यात जास्त जाते. हलका गिअर टाका, पायांनी वेग राखा, हात लावून मोटार जास्त गरम वाटली तर थांबा. उतारावर गिअरवाली हब मोटार ब्रेकचं काम करत नाही, वीज परतही देत नाही, म्हणून ब्रेक पॅड नवे हवेत. बंगळूरच्या चढाची मात्र लोक उगाच धास्ती घेतात. कर्नूल ३०० मीटरच्या आत आणि बंगळूर ९०० च्या वर, पण ती उंची साडेतीनशे किलोमीटरांत विभागलेली आहे. आणखी एक: पांढरकवडा ते पाटणबोरी हा पट्टा टिपेश्वर अभयारण्याच्या जवळचा आहे. तिथून उजेडातच पुढे जा.

आता प्लगबद्दल मनापासून सांगतो. घरचा चार्जर नेऊ नका असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. तुमची रिकामी बॅटरी भरायला अर्ध्या युनिटहूनही कमी वीज लागते, कुठलाही ढाबेवाला तेवढ्याला नाही म्हणणार नाही. चार्जर बॅगेत असणं आणि तो लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सगळं अंतर उन्हावरच करायचा तुमचा निश्चय असेल तर ढगाळ दिवशी ७० ऐवजी ३५ किलोमीटर करायची तयारी ठेवा, मोटार बंद करून पायडल मारा, किंवा एक दिवस थांबा. मला तो मार्ग जास्त आवडतो. पण तुमची रजा ठरलेली असेल, तर कितव्या दिवशी कुठे पोचायचंच आहे ते निघण्याआधी लिहून काढा.

कायद्याचं थोडक्यात: २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी सायकल असेल तर नोंदणी किंवा लायसन्स लागत नाही. मोटारीचं बिल जवळ ठेवा. परत येताना विमानाचा विचार करू नका. १६० वॅट-तासांहून मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि तुमची ३६० ची आहे.

पॅनल विकत घेण्याआधी एक काम करा. वॉटमीटर बसवा, सगळ्या सामानाच्या वजनाइतकी वाळू किंवा तांदूळ ट्रेलरवर बांधा आणि बुटीबोरी, केळझरमार्गे सेवाग्रामला जा. रात्री तिथेच मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी परत या. जाताना वीसच्या वर जाऊ नका, येताना मनाला येईल तसं चालवा. दोन्ही दिवसांचे वॅट-तास आणि किलोमीटर वहीत लिहा. किलोमीटरमागे ६ च्या आत आलात तर ट्रेलरवरचं १०० आणि घडीचं ६० पुरेल. ८ च्या वर गेलात तर आधी टायरची हवा, ब्रेक घासतोय का आणि सामान तपासा, पॅनल वाढवू नका. आकडे इथे टाका, मी बघून सांगतो.